पांढरी पाच आणि काळी चार यांच्या फटीत

अ‍ॅपचं पहिलं रूप घेऊन मी तिबिलिसीहून गुरियात गेले
तेव्हा मक्वालाला इटलीला जाऊन चार महिने झाले होते.
खर्ज तिच्याबरोबर गेला होता.
एतेरी आणि त्सिउरी वरचे दोन आवाज लावून बसायच्या,
पहिली पायरीच नसलेल्या जिन्यावर
कुणी उभं करून ठेवल्यासारख्या.

मी म्हटलं, सोपं आहे.
प्रत्येकीनं आपला आवाज वेगळा भरायचा,
बाकीच्यांनी तो कानात घालून सराव करायचा.
सूर जागेवर असेल तर रेघ हिरवी,
सरकला की लाल.

एतेरीनं गाऊन पाहिलं.
या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल.
"हे काय?"
"तुम्ही जागा सोडताय."
"कुणाची?"

याला माझ्याकडे बटण नव्हतं.

मक्वालाचा आवाज यायचा बारी शहरातून, रात्री एकनंतर.
ती जिला सांभाळते ती म्हातारी उशिरा झोपते.
म्हणून स्वयंपाकघरात, दार ओढून घेऊन
ओठांच्या आतच धरलेला खर्ज.
मागे नळ ठिबकतोय,
दुसऱ्या कडव्यात घंटी वाजते आणि मक्वाला
इटालियनमध्ये म्हणते, आले, आले.
(त्सिउरीनं तेही पाठ केलं होतं,
तिथे ती बरोब्बर तेवढीच थांबायची.)
आणि सगळ्याच्या खाली, न थकता,
फ्रिजची घरघर.

मी दोन रात्री बसून ते साफ केलं.
नळ गेला, घंटी गेली, फ्रिज गेला.
राहिला तो नुसता गळा,
धुऊन दोरीवर टाकलेल्या चादरीसारखा.
अभिमानानं ऐकवला.

"ही कोण?" एतेरीनं विचारलं.
"मक्वालाच. फक्त स्वच्छ."
दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.
आमच्याकडे जावयाला मीठ कमी पडलं सांगताना
बायका अशाच बघतात.
"ते मागचं परत घाल," त्सिउरी म्हणाली,
"आम्ही सूर तिथनं घेतो."

मला पटेना, म्हणून ती उठली
आणि स्वयंपाकघराचं दार उघडून आली.
आत त्यांचा म्हातारा फ्रिज,
डोक्यावर आलुबुखारच्या चटणीच्या बाटल्या,
एक पाय विटेवर,
तंबोरा जुळवून बसल्यासारखा.
दोघींनी डोळे मिटले, सूर घेतला,
मी मक्वालाला चालू केलं, न धुतलेल्या मक्वालाला,
आणि ती बसली. बसली म्हणजे
खुर्ची ओढून, पदरानं घाम पुसून
मध्ये येऊन बसावं तशी.

नंतर मी मोजलं.
इथली वीज सेकंदाला पन्नास हेलकावे खाते, तिथलीही पन्नास.
समुद्रापलीकडची दोन स्वयंपाकघरं
एकाच पट्टीत घोरत होती,
आणि ती पट्टी पियानोवर नाहीच,
पांढरी पाच आणि काळी चार यांच्या फटीत कुठेतरी आहे,
जिथे माझी रेघ
पहिल्या दिवसापासून लाल होत होती.

आता अ‍ॅपमध्ये रंग नाहीत.
खाली जो कोण आहे त्याच्यावर रेघ टेकते.
साफ करायचं बटण ठेवलंय,
गुंतवणूकदारांना आवडतं,
पण ते तीन पडदे आत आहे आणि बंद आहे.

परवा मक्वालाचा निरोप आला.
म्हातारीच्या मुलानं नवा फ्रिज आणलाय.
पांढराशुभ्र, माणसाएवढा उंच, आणि मुका.
कान लावला तरी काही नाही, म्हणाली.
थोडा आपल्याकडचा भरून पाठवाल का?

म्हणून एतेरीच्या स्वयंपाकघरात
फोन पुढे धरून मी उभी आहे.
नेमका आत्ताच तो गचका देऊन गप्प झालाय.
त्सिउरीनं ओठांवर बोट ठेवलंय.
आम्ही तिघी
तो परत सुरू व्हायची वाट बघतोय.